बेळगावात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी : पत्ता, घर, कागदपत्रे आणि ओळखीपाळखी

चंदगड, आजरा, गडहिंग्लज, खानापूर, निपाणी या भागांतून कॉलेजसाठी, उद्यमबागेतल्या कारखान्यांतील नोकरीसाठी किंवा घरातल्या कुणाच्या दीर्घ उपचारांसाठी अनेक कुटुंबे बेळगावात बिऱ्हाड हलवतात. पुण्या-मुंबईकडून बदली होऊन येणारेही असतात. बेळगावात मराठी चालते एवढे त्यांना ठाऊक असते आणि त्यामुळे इथे वेगळे काही शिकावे लागणार नाही, असा त्यांचा समज असतो. बाजारापुरता आणि शेजारापुरता तो समज खरा ठरतो. मात्र वीज, गाडी, शाळा, रेशन यांचा पहिला कागद हाती आला की आपण कर्नाटकात राहतो आहोत हे ध्यानात येते, आणि त्याची तयारी नसली तर पहिले वर्ष हेलपाट्यांत जाते. म्हणून येथील व्यवहाराची मराठी बाजू आणि कानडी बाजू या दोन्ही पहिल्या काही महिन्यांतच नीट समजून घ्याव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पुढील माहिती ज्या क्रमाने गरज पडते, त्याच क्रमाने दिली आहे.

आधी शहराची ठेवण समजून घ्यावी

बेळगाव एकसंध वाढलेले शहर नाही. किल्ल्याच्या पश्चिमेकडची जुनी पेठ, संस्थानी काळात सांगलीकडे असलेले शहापूर, लष्कराचा कॅम्प, रेल्वेमार्गालगतची टिळकवाडी, शहरात सामावली गेलेली अनगोळ, वडगाव, मजगाव यांसारखी गावे, आणि उत्तरेकडे नंतर वसलेल्या सदाशिवनगर, नेहरूनगर, महांतेशनगर, रामतीर्थनगर या वसाहती असे त्याचे तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्याला स्वतःचे ग्रामदैवत किंवा मंदिर आहे, गल्ल्या आहेत आणि गणेशोत्सव मंडळे आहेत. अनगोळचा माणूस बाजारात निघाला की आजही ‘बेळगावला जाऊलालोय’ असे म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असते.

या रचनेचा पहिला परिणाम पत्त्यावर होतो. खडे बाजार बेळगावातही आहे आणि शहापुरातही आहे. मारुती गल्ली, रामदेव गल्ली, पाटील गल्ली, लक्ष्मी गल्ली ही नावे शहरात आणि लगतच्या गावांत पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे नुसते गल्लीचे नाव सांगून रिक्षात बसू नये. ‘खडे बाजार, शहापूर’ असे भागाच्या नावासह सांगावे, आणि कुरियरच्या किंवा बँकेच्या पत्त्यातही तो भाग न विसरता लिहावा. टिळकवाडीत पहिले, दुसरे, तिसरे रेल्वे गेट ही पत्त्याचीच नावे आहेत. ‘दुसऱ्या गेटाजवळ’ एवढे सांगितले तरी टिळकवाडीच्या माणसाला जागा कळते. तिथेच शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ अशी वारांची नावेही आहेत. ती ऐकून पुण्यातल्यासारखा जुना वाडा-भाग डोळ्यांपुढे आणू नये.

मोबाइलवरचा नकाशा रस्ता दाखवतो, पण चौकांची लोकांच्या तोंडी असलेली नावे त्यात नेहमी सापडत नाहीत. म्हणून पहिल्या एखाद्या रविवारी सकाळी चालत एक फेरी करावी. राणी चन्नम्मा चौकातून काकती वेशीच्या रस्त्याने गणपत गल्लीत यावे, तिथून शनिमंदिराकडून कपिलेश्वर उड्डाणपुलावर चढावे, पुलावरून उतरून शिवाजी उद्यान आणि नाथ पै चौक गाठावा आणि मग गोवावेशीवरून खानापूर रोडने टिळकवाडीतल्या आरपीडी क्रॉसपर्यंत जावे. या एका फेरीत जुनी पेठ, रेल्वेमार्ग, शहापूर आणि टिळकवाडी यांचा एकमेकांशी असलेला संबंध पायांना कळतो. त्यानंतर कुणी ‘गोवावेशीच्या अलीकडे’ म्हणाला, तर कुठून अलीकडे हे विचारावे लागत नाही. टिळकवाडीत पोहोचल्यावर काँग्रेस विहीर आणि वीरसौध पाहून घ्यावे. महात्मा गांधींनी आयुष्यात काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले, ते डिसेंबर १९२४ मध्ये इथे भरले होते आणि काँग्रेस रोडला नाव त्यावरूनच मिळाले आहे.

कॅम्प भागाविषयी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. तो महानगरपालिकेच्या हद्दीत येत नाही. तिथे छावणी मंडळाचा, म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्डाचा कारभार चालतो. तिथे घर घेतल्यास घरपट्टी, कचरा, बांधकाम परवानगी यांसाठी मनपाकडे जाऊन उपयोग होत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र याच परिसरात असल्यामुळे लष्करी हद्दीचे फलक असलेल्या ठिकाणी छायाचित्रे काढू नयेत.

घर पाहताना

भाडे, अनामत रक्कम आणि ११ महिन्यांचा करार या गोष्टी सगळीकडे विचारल्या जातातच. बेळगावात त्याआधी पाण्याविषयी विचारावे. शहराला राकसकोप जलाशयातून आणि हिडकल धरणातून पाणी येते. २००८ च्या सुमारास १० प्रभागांत प्रायोगिक तत्त्वावर चोवीस तास पाणी सुरू झाले. बाकीच्या भागांत पुष्कळ ठिकाणी पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. म्हणून घरमालकाला ‘पाणी आहे का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर सर्वत्र होकारार्थीच मिळते. पाणी किती दिवसांनी येते, किती वेळ येते, टाकी जमिनीत आहे की गच्चीवर, आणि आवारात विहीर किंवा बोअर आहे का, हे चार प्रश्न निरनिराळे विचारावेत. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत आड असतो. वापरात आणि स्वच्छ असेल तर एप्रिल-मे महिन्यांत तो मोठा आधार असतो. शक्य असल्यास पाणी सोडण्याच्या दिवशीच घर पाहायला जावे. शेजारच्या बायका घागरी आणि पाइप घेऊन किती वाजता बाहेर येतात आणि पाण्याला जोर किती आहे, हे तेव्हा प्रत्यक्ष दिसते.

दुसरा प्रश्न पावसाचा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्व उताराला लागून आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपार तापली तरी संध्याकाळी वारा सुटतो आणि वळीव येतो. जून ते सप्टेंबर मात्र पाऊस संततधार असतो. पश्चिमेकडे सरकत जावे तसा त्याचा जोर वाढतो, त्यामुळे सांबऱ्याकडे उघडीप असताना राकसकोपकडे कोसळत असणे नेहमीचे आहे. शहराच्या दक्षिण-पूर्वेला बळ्ळारी नाला फुगला की शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारातील भातशेतीत पाणी उभे राहते आणि लगतच्या सखल वसाहतींतही शिरते. तळमजल्याचे घर घेण्यापूर्वी शेजाऱ्यांना एकच गोष्ट विचारावी : ऑगस्ट २०१९ च्या महापुरात इथे पाणी कुठपर्यंत आले होते? त्या पावसाची आठवण इथे प्रत्येकाला आहे, त्यामुळे उत्तर नेमके मिळते. भिंतींना ओल धरते का, हे उन्हाळ्यात कळत नाही. त्यासाठी कपाटामागची भिंत आणि छताचे कोपरे पाहावेत.

कोणता भाग कोणाला सोयीचा, याचेही थोडेसे सांगतो. गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि उद्यमबागेचे कारखाने यांसाठी टिळकवाडी, अनगोळ, भाग्यनगर बरे पडतात. मच्छे येथील विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठासाठी पिरनवाडीपर्यंत घर पाहता येते. नेहरूनगरातल्या केएलई रुग्णालयाशी आणि वैद्यकीय महाविद्यालयाशी काम असेल, तर सदाशिवनगर, शिवबसवनगर, हनुमाननगर जवळ आहेत. उत्तरेकडच्या वसाहतींत कानडी शेजार अधिक आणि शहापूर, वडगाव, अनगोळ भागांत मराठी शेजार अधिक, असे ढोबळपणे म्हणता येते. परंतु मुलांना कानडी यावे असे वाटत असेल, तर मिश्र शेजाराचे घर अधिक उपयोगी पडते. मांसाहार चालतो का, हा प्रश्न अनेक घरमालक स्वतःहूनच काढतात. नाही काढला तर आपण काढावा, म्हणजे मागाहून वाद राहत नाही.

विजेचे बिल हेस्कॉम या सरकारी वीज कंपनीकडून येते. कर्नाटकाच्या गृहज्योती योजनेचा लाभ भाडेकरूलाही मिळतो. आधीच्या वापराच्या सरासरीवर दहा टक्के धरून, जास्तीत जास्त २०० युनिटांपर्यंत बिल माफ होते. त्यासाठी मीटरचा आर. आर. क्रमांक, म्हणजे बिलावरचा जोडणी क्रमांक, आपल्या आधारशी जोडावा लागतो. पूर्वीच्या भाडेकरूचा आधार त्या मीटरला जोडलेला राहिला असेल तर आपला अर्ज अडकतो. किल्ली घेतानाच घरमालकाकडून हे तपासून घ्यावे आणि भाडेकरारात आर. आर. क्रमांक लिहून घ्यावा.

ये-जा

मध्यवर्ती बसस्थानक आणि शहर बसस्थानक एकमेकांना लागूनच आहेत. लोक या भागाला सीबीटी म्हणतात. बसवरचे फलक मुख्यतः कानडीत असतात. कानडी अक्षरे येत नसतील तर पहिले काही दिवस विचारूनच चढावे, पण त्याचबरोबर आपल्या मार्गावरची चार-पाच गावांची नावे कानडी लिपीत ओळखायला शिकावीत. एका कागदावर ‘अनगोळ’, ‘वडगाव’, ‘हिंडलगा’, ‘सांबरा’ अशी नावे कुणाकडून तरी कानडीत लिहून घ्यावीत आणि थांब्यावर उभे असताना येणाऱ्या बसच्या फलकाशी ताडून पाहावीत. मराठी वाचणाऱ्याला अक्षरांचा क्रम ओळखीचाच असतो, त्यामुळे महिन्याभरात नजर बसते.

राज्य परिवहनाच्या साध्या बसमध्ये कर्नाटकातील महिलांना ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली मोफत प्रवास आहे. ‘कर्नाटकातील’ या शब्दाकडे लक्ष द्यावे : ओळखपत्रावर कर्नाटकाचा पत्ता हवा. चंदगडचा पत्ता असलेले आधार दाखवून इथे शून्य तिकीट मिळत नाही. महाराष्ट्राच्या एसटीतील महिलांची अर्धी सवलतही त्या राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. त्यामुळे कोल्हापूरला नियमित ये-जा करणाऱ्यांनी हिशोब करताना दोन्ही सवलती गृहीत धरू नयेत.

रिक्षा मीटरवर क्वचितच चालते. बसण्याआधी भाडे ठरवावे, आणि त्याआधी एखाद्या दुकानदाराला साधारण किती पडते हे विचारून ठेवावे. वयस्कर चालकाला ‘मामा’ आणि बरोबरीच्याला ‘भाऊ’ किंवा ‘अण्णा’ म्हटले की बोलणे नरमाईने होते. आसपासच्या गावांकडे वडाप, म्हणजे प्रवासी गोळा करून नेणारी खासगी गाडी, चालते. भरल्याशिवाय ते निघत नाही, म्हणून परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या दिवशी त्यावर विसंबू नये.

बेळगावचे स्थानक मिरज-लोंढा मार्गावर आहे. कोल्हापूरला थेट रेल्वेमार्ग नाही, मिरजेवरून वळसा पडतो. म्हणून त्या बाजूला जाणाऱ्यांना महामार्गावरची बसच सोयीची. गोव्याकडे चोर्ला घाटातून आणि सावंतवाडीकडे आंबोलीवरून रस्ता जातो. पावसाळ्यात दोन्ही घाटांत धुके आणि दरडी यांचा धोका असतो, तेव्हा नवीन माणसाने तिथे रात्री गाडी नेऊ नये.

कागदपत्रे : हे काम लांबणीवर टाकू नये

महाराष्ट्रात नोंदलेली गाडी घेऊन येणाऱ्यांचे सर्वाधिक हाल होतात ते केवळ दिरंगाईमुळे. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. मूळ आरटीओकडून ना-हरकत दाखला आणणे, इथे कर भरणे आणि मूळ राज्यात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करणे, या तीन पायऱ्यांना वेळ लागतो. सातव्या-आठव्या महिन्यातच सुरुवात करावी. बेळगावच्या गाड्यांवर केए २२ असते, चिक्कोडीकडे केए २३ आणि गोकाककडे केए ४९. तोवर गाडी इथे केव्हा आली हे दाखवणारा कागद, उदाहरणार्थ बदलीचा आदेश किंवा टोलची पावती, गाडीत ठेवावा.

भाडेकरार झाल्यावर आधारचा पत्ता बदलावा, कारण पुढचे बरेचसे त्यावर अवलंबून असते. मतदार यादीतले नाव हलवण्यासाठी नमुना ८ भरावा. रेशनकार्ड लगेच बदलता आले नाही तरी ‘एक देश, एक रेशनकार्ड’ व्यवस्थेमुळे केंद्राचे धान्य इथल्या दुकानातून उचलता येते. मात्र कर्नाटकाच्या स्वतःच्या योजना इथल्या कार्डाशिवाय मिळत नाहीत.

शाळेच्या बाबतीत पालकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मराठी माध्यमाच्या शाळा शहरात आणि तालुक्यात आहेत, आणि मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची तरतूद घटनेच्या ३५० (अ) कलमात आहे. त्याचबरोबर २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातील शाळांत पहिली ते दहावी कानडी ही भाषा म्हणून शिकणे आवश्यक झाले आहे. चौथी-पाचवीत आलेल्या मुलाला एकदम कानडीच्या तासाला बसवले तर ते बावरते; प्रवेशाच्या आधीच्या सुट्टीत अक्षरओळख करून द्यावी. दहावीला इथे एसएसएलसी आणि अकरावी-बारावीला पीयूसी म्हणतात. महाराष्ट्रातील शाळेचा दाखला आणताना त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते का, हे नव्या शाळेला आधी विचारून घ्यावे, म्हणजे परत जावे लागत नाही.

सरकारी नमुने कानडीत असतात. घटनेच्या ३५० व्या कलमाने तक्रार-निवारणासाठीचे निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे, आणि मराठीतून निवेदन देणाऱ्यांनी तो हक्क सोडू नये असे मला मनापासून वाटते. काम मात्र तातडीचे असेल तर मराठी अर्जासोबत त्याची कानडी किंवा इंग्रजी प्रत जोडावी आणि दोन्हींवर पोच घ्यावी. हक्कही राहतो आणि फाईलही पुढे सरकते.

बोलणे, बाजार आणि जेवण

कानडी बोलायला सुरुवात बाजारातूनच करावी, कारण तिथे चुकले तरी कुणी हसत नाही. ‘एष्टु री?’ म्हणजे कितीला, ‘एल्लि?’ म्हणजे कुठे, ‘बेकु’ म्हणजे हवे, ‘बेड’ म्हणजे नको. मागे लावलेल्या ‘री’मध्ये आदर असतो, तो विसरू नये. समोरचा बहुतेक वेळा मराठीतच उत्तर देईल. तरीही कार्यालयातल्या किंवा बसमधल्या कानडी माणसाशी बोलण्याची सुरुवात दोन कानडी शब्दांनी झाली, की पुढचा मराठीतला संवाद मोकळा होतो, हे इथल्या जुन्या रहिवाशांना चांगले ठाऊक आहे.

शनिवारी आठवडी बाजार असतो. आसपासच्या गावांतल्या बाया सकाळी बुट्ट्या घेऊन उतरतात आणि गणपत गल्लीच्या परिसरात रस्त्याच्या कडेला बसतात. मेथीची पेंडी उचलून देठ मोडून पाहिला तरी त्या रागावत नाहीत, पण एकदा हातात घेतलेली पेंडी दर पाडून परत ठेवलेली त्यांना आवडत नाही. भाव विचारून मगच हात लावावा. किराणा घाऊक घ्यायचा तर रविवार पेठ, कपड्यांसाठी खडे बाजार, साड्या आणि दागिन्यांसाठी शहापूर अशी साधारण विभागणी आहे. वडगाव-खासबाग भागात अजूनही माग चालतात. तांदूळ घेताना इथला बासमती एकदा जरूर घ्यावा. उत्तरेकडच्या लांब दाण्याच्या बासमतीहून तो वेगळा, आखूड दाण्याचा आणि सुवासिक आहे. पाहुण्यांना नेण्यासाठी कुंदा सगळे घेतात, पण मांडे मिळाले तर तेही न्यावेत. एकट्याने राहणाऱ्यांनी जेवणासाठी खानावळ ठरवावी : लिंगायत खानावळीत ज्वारीची भाकरी, पल्या म्हणजे भाज्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही मिळते, मांसाहारी जेवणासाठी सावजी खानावळी आहेत, त्यांच्या रश्श्याचा तिखटपणा मात्र पहिल्या वेळी बेताने घ्यावा.

वर्षाचे वेळापत्रक

प्रवास, बिऱ्हाड हलवणे किंवा पाहुणे बोलावणे काही दिवसांत टाळावे. येथील शिवजयंती तिथीप्रमाणे वैशाखात होते आणि तिच्या चित्ररथ मिरवणुकीने बाजारपेठेतले रस्ते रात्रभर भरलेले असतात. आषाढात वडगावच्या मंगाई देवीची यात्रा मंगळवारी भरते. तिच्या आधी काही वार पाळले जातात आणि त्या दिवशी शेतीची कामे बंद असतात. अनंत चतुर्दशीची मिरवणूक कपिलेश्वर तलावाकडे जाते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. १ नोव्हेंबरला चन्नम्मा चौकात राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनाची, प्रचंड गर्दी असते, आणि त्याच दिवशी सीमाभागातील मराठी माणसे काळा दिन पाळून फेरी काढतात. त्या दिवशी दवाखान्याशिवाय शहराच्या मध्यभागी गाडी नेऊ नये. डिसेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते तेव्हा लॉज मिळत नाहीत आणि हलग्याकडच्या महामार्गावर मोर्चांमुळे वाहतूक अडते. १७ जानेवारीला हुतात्मा चौकात सीमालढ्यातील १९५६ च्या हुतात्म्यांना अभिवादन होते. तिथे नवागतानेही जावे; ज्या सीमाप्रश्नाविषयी इथे प्रत्येक घरात बोलले जाते, तो समजून घ्यायला ती जागा योग्य आहे.

एखाद्या गावची महालक्ष्मी यात्रा बऱ्याच वर्षांनी भरते आणि ओळखीच्या माणसाला जेवणाचे आग्रहाचे बोलावणे येते. ते टाळू नये. उशिरा गेले तरी चालते, पण जावे.

ओळखी कशा वाढवाव्यात

१८४८ मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय गणपत गल्लीत आहे. पहिल्या महिन्यातच तिथले सभासदत्व घ्यावे. वर्तमानपत्रे वाचायला येणारी ज्येष्ठ मंडळी शहराविषयी जितके सांगू शकतात, तितके कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही. गल्लीतल्या मंडळाची वर्गणी मागितली जाण्याची वाट न पाहता आपणच नेऊन द्यावी, म्हणजे वर्गणीदारांच्या यादीबरोबर आपले नावही गल्लीला कळते.

हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात. शहरापासून ही गावे जवळ आहेत. सकाळी ग्रंथदिंडीच्या वेळेस पोहोचावे, कारण दारात रांगोळ्या काढून अख्खे गाव तेव्हाच रस्त्यावर आलेले असते. येळ्ळूरला गेल्यास वरचा राजहंसगड पाहूनच परतावे. जेवणाची सोय बहुतेक ठिकाणी संमेलनातच केलेली असते आणि पंगतीत शेजारी बसलेला माणूस ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारल्याशिवाय राहत नाही. तिथे आपल्या गावाचे, तालुक्याचे आणि जमल्यास आजोळचेही नाव सांगावे, कारण सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरिकी इतक्या पसरलेल्या आहेत की त्यातून एखादी ओळख हमखास निघते.